वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमधली अनेकवचने : कामाच्या नोंदी

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाची पुस्तकांची देवघेव मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. मूळ प्रोग्राम पायथनमधला आणि इंग्रजी. त्याची तीन तोंडे आहेत. काउंटरवरच्या प्रोग्रामचे भाषांतर गेटटेक्स्ट या भाषांतर-प्रणालीच्या पीओ फाइलींत (मूळ वाक्य आणि त्याखाली भाषांतर अशा नोंदी) आहे, घरबसल्या पुस्तक राखून ठेवायच्या वेबपानाचे आयसीयू या युनिकोडच्या सॉफ्टवेअर-संचाच्या पद्धतीच्या संदेशांत, आणि सभासदांचे अँड्रॉइड अॅप वेगळेच. मराठी-हिंदी तर हवीच होती. शिवाय इथे परकीय भाषांची दोन कपाटे आहेत आणि रशियन, जपानी, अरबी शिकणारी मुले तिथे नेहमी बसलेली असतात. पडदा त्या-त्या भाषेत दिसला तर तेवढाच सराव, म्हणून या तीन भाषाही घेतल्या. पुढे कोणी हेच काम हातात घेईल त्याच्या उपयोगासाठी या नोंदी.

९ जून २०२५

आज फक्त मोजदाद. ज्या स्ट्रिंगमध्ये (पडद्यावर दिसणाऱ्या मजकुरात) संख्या येते त्या सगळ्या कोडमधून शोधून तक्त्यात उतरवल्या. दोन प्रकारचे दुखणे दिसले.

पहिले म्हणजे कंसातला 'एस'. इंग्रजीत 'बुक' लिहून कंसात 'एस' टाकला की एकवचन आणि अनेकवचन दोन्ही भागतात. आधीच्या भाषांतरात मराठीलाही तोच न्याय लावलेला: 'पुस्तक' आणि पुढे कंसात नुसती मात्रा. कंसानंतर आलेल्या मात्रेला टेकायला व्यंजन नसते, त्यामुळे पडद्यावर ती ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते: पुस्तक(◌े). काउंटरवर हे रोज दिसत होते आणि ग्रंथपाल बाई समजत होत्या की फॉन्ट बिघडलाय.

दुसरे दुखणे जास्त खोल. बऱ्याच ठिकाणी कोडमध्ये वाक्य तुकड्यांनी जोडलेले आहे: आधी आकडा, मग 'बुक' किंवा 'बुक्स', मग 'फाउंड'. भाषांतरासाठी हे तुकडे सुटे सुटे येतात. इंग्रजीत 'फाउंड' कधी बदलत नाही. आपल्याकडे पुस्तक सापडले, पुस्तके सापडली. ग्रंथ सापडला, ग्रंथ सापडले. वही सापडली, वह्या सापडल्या. एकट्या 'फाउंड'समोर काय लिहिणार? आधीच्या माणसाने 'सापडले' लिहून वेळ मारून नेली होती आणि काउंटरवर '3 पुस्तके सापडले' असे झळकत होते.

१३ जून

तुकडे जोडणारा कोड काढून पूर्ण वाक्ये एनगेटटेक्स्टमध्ये घातली. या फंक्शनला तीन गोष्टी द्यायच्या: एकवचनी वाक्य, अनेकवचनी वाक्य आणि आकडा. मग पीओ फाइलीत प्रत्येक नोंदीखाली शून्य, एक अशा क्रमांकांच्या ओळी येतात आणि त्या भाषेला जितकी रूपे तितक्या ओळी भरायच्या. मराठीला दोन.

'मराठीला दोनच रूपे, म्हणजे इंग्रजीसारखेच सोपे' हे वाक्य प्रोग्रामरांकडून फार ऐकले आहे. रूपे किती यावरून सोपे-अवघड ठरवणे मला अजिबात पटत नाही. दोन रूपांत काय काय बदलते ते पाहावे लागते. नाम, क्रियापद, विशेषण, 'हे' की 'ही', विभक्तीपूर्वीचे सामान्यरूप: आकडा बदलला की आपल्याकडे वाक्याचे सगळे सांधे हलतात. म्हणून नियम असा धरला: आकड्यापासून क्रियापदापर्यंत अख्खे वाक्य प्रत्येक रूपात पुन्हा लिहायचे. पुनरुक्ती होते, होऊ द्यावी.

संध्याकाळी नवी फाइल चढवली तर निम्मा पडदा परत इंग्रजीत. मूळ इंग्रजी वाक्ये बदलल्यामुळे एमएसजीमर्ज या गेटटेक्स्टच्या साधनाने जुनी भाषांतरे जवळपासच्या नव्या नोंदींना चिकटवून त्यांच्यावर 'फझी', म्हणजे अंदाजी, असा शिक्का मारला होता. फझी नोंदी एमओ, म्हणजे प्रोग्राम प्रत्यक्ष वाचतो ती फाइल, बनवताना गाळल्या जातात, आणि हे काही बिघडल्यासारखे दिसत नाही, चूक म्हणून कुठे छापलेही जात नाही. पूर्ण संध्याकाळ फाइलींचे रस्ते आणि परवानग्या तपासण्यात गेली. पीओ फाइल बदलल्यावर आधी फझींची यादी काढा, बाकीचे नंतर.

१७ जून

मराठी भरून होत आली. इथे एक सापळा आहे आणि तो आपल्याच भाषेत आहे. 'दिवस', 'तास', 'ग्रंथ', 'सभासद' ही पुल्लिंगी नामे अनेकवचनात बदलत नाहीत. त्यामुळे भरणारा माणूस पहिली ओळ भरतो, तीच दुसऱ्या ओळीत चिकटवतो आणि पुढे जातो. 'दिवस बाकी' असेल तिथे खपून जाते. पण विभक्ती लागली की फरक पडतो: '१ दिवसात परत करा', '३ दिवसांत परत करा'; '१ मिनिटापूर्वी', '५ मिनिटांपूर्वी'. फरक एका अनुस्वाराचा, म्हणून काउंटरवर घाईत डोळा चुकतो. छोट्या स्क्रिप्टने दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या असलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या. त्यातल्या काही खरोखरच सारख्या असायला हव्यात, पण प्रत्येकीवर एकदा नजर टाकणे वसूल झाले.

दंडाच्या ओळी: '१ रुपया', '५ रुपये'. क्रियापद मात्र दंडाप्रमाणे, 'दंड आकारला', मग रुपये कितीही असोत. कोणाशी कोणाचे जुळते हे भाषांतराच्या खिडकीत दिसत नाही, वाक्य मोठ्याने वाचल्यावरच कळते. मी प्रत्येक वाक्य १ आणि ४ घालून मोठ्याने वाचले.

२१ जून

पालख्या पुण्यात मुक्कामी, पेठेतले रस्ते बंद, घरूनच काम.

शून्याचा प्रश्न. '० पुस्तके बाकी आहेत' असे कोणी बोलत नाही. 'एकही पुस्तक बाकी नाही' असे म्हणतात, म्हणजे एकवचन आणि नकार. वेबपानावर अडचण नाही, आयसीयू संदेशात बरोबरच्या चिन्हापुढे शून्य लिहून खास शाखा देता येते. फक्त तिथे 'झीरो' नावाची शाखा लिहून फसू नका. अनेकवचनाच्या नियमांतला 'झीरो' हा रूपांचा वर्ग अरबी, वेल्श, लाटवियन अशा भाषांसाठी आहे. मराठीच्या नियमात तो नाहीच, त्यामुळे लिहिलेली ओळ कधीच निवडली जात नाही आणि तक्रारही येत नाही.

गेटटेक्स्टमध्ये अशी खास शाखा नाही. पीओ फाइलीच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीच्या भागात) मराठीला तीन रूपे जाहीर करून पाहिली: शून्याचे वेगळे, एकाचे वेगळे, बाकीचे वेगळे. पायथन हेडरमधले सूत्र जसेच्या तसे पाळतो, म्हणून चालले. पण भाषांतराच्या साधनात फाइल उघडताच त्याने मराठीचे नेहमीचे दोन रूपांचे हेडर परत घातले, क्रमांक सरकले आणि १ पुस्तकाला शून्याचे वाक्य लागले. हा रस्ता सोडला. आता शून्य असेल तर कोडमध्येच वेगळी, बिनआकड्याची स्ट्रिंग. साधे 'जर-तर', पण कोणत्याही साधनात मोडत नाही.

२६ जून

रशियन. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकलेल्या आणि आता शिकवण्या घेणाऱ्या एका मॅडमनी भाषांतर करून दिले. मानधन १,५०० रुपये, या कामातला सगळ्यात मोठा खर्च.

त्यांनी फाइल बघताच विचारले, "अहो, दोनच रकाने? तिसरा कुठाय?" रशियन फाइल मराठीची प्रत काढून बनवली गेली होती आणि हेडर मराठीचेच राहिले होते. रशियनला पूर्णांकांसाठी तीन रूपे लागतात: १ क्नीगा, २ क्नीगी, ५ क्नीग. आणि पुन्हा २१ क्नीगा. शेवटचा अंक १ असेल तर पहिले रूप, पण ११ सोडून. शेवटी २ ते ४ असेल तर दुसरे, पण १२ ते १४ सोडून. बाकी सगळे तिसऱ्यात, शून्यसुद्धा.

यातून या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हाती लागली. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषांविषयीच्या माहितीसंग्रहातल्या नियमांत वर्गांची नावे 'झीरो, वन, टू, फ्यू, मेनी, अदर' अशी आहेत. ती वाचून वाटते 'वन' म्हणजे आकडा १. तसे नाही. 'वन' ही एक खोली आहे आणि तिच्यात कोणी राहायचे हे प्रत्येक भाषा ठरवते. रशियनच्या 'वन'मध्ये १, २१, ३१, १०१ राहतात. हिंदीच्या 'वन'मध्ये ० आणि १ दोन्ही, शिवाय ०.५ देखील. म्हणून 'वन'च्या ओळीत आकड्याची जागा न ठेवता 'एक पुस्तक' असे अक्षरी लिहिले, तर रशियनमध्ये एकवीस पुस्तकांना 'एक पुस्तक' म्हटले जाईल. प्रत्येक रूपात आकड्याची जागा ठेवलीच पाहिजे.

हिंदीतही यामुळे फट पडली होती. वेबपान सीएलडीआरप्रमाणे शून्याला 'वन'मध्ये टाकत होते आणि पीओ फाइलीत 'एक नसेल तर अनेकवचन' हे सूत्र होते. एकाच वाचनालयात एकाच माणसाला दोन पडद्यांवर दोन रूपे. शून्याची वेगळी स्ट्रिंग केल्यामुळे हे आपोआप मिटले.

२ जुलै

जपानी लवकर आटोपली. एकच रूप, सगळे आकडे त्याच खोलीत. तरी नुसते आकडा आणि पुस्तक लिहून चालत नाही, पुस्तके मोजताना आकड्यामागे 'सात्सु' हा मोजशब्द लागतो. दिलेल्या फाइलीत दोन ओळी भरलेल्या होत्या, त्या पीओपासून एमओ बनवणाऱ्या एमएसजीएफएमटीने तपासणीत पकडल्या: हेडरमध्ये एक रूप आणि नोंदीत दोन. ही तपासणी चालू ठेवून फाइल बनवणे हा सर्वांत स्वस्त पहारा आहे.

अरबीला सहा ओळी. पुण्यात शिकायला आलेल्या एका येमेनी विद्यार्थ्याने भरून दिल्या, पैसे घेतले नाहीत. शून्य, एक, दोन, शेवटचे दोन अंक ३ ते १०, शेवटचे दोन अंक ११ ते ९९, आणि उरलेले, म्हणजे १००, १०१, १०२ असे. एका पुस्तकाला 'किताब', दोनाला 'किताबान', तीन ते दहाला 'कुतुब', आणि अकरापासून परत एकवचनी 'किताबन'. 'किताबान' या शब्दातच 'दोन' आले, म्हणून तिथे आकडा लिहिला तर वाचणाऱ्याला खटकतो. प्रत्येक रूपात आकडा हवा, या माझ्या नियमाला इथे अपवाद करावा लागला. तो बिनधोक आहे, कारण अरबीच्या 'टू' खोलीत फक्त २ हाच आकडा राहतो. तपासणीच्या स्क्रिप्टला तशी सूट लिहून दिली.

८ जुलै

अँड्रॉइड अॅप. ग्रंथपाल बाईंच्या जुन्या फोनवर खात्यात काहीच बाकी नसताना 'एक पुस्तक बाकी आहे'. माझ्या फोनवर बरोबर. तेच अॅप, तीच आवृत्ती.

कारण सापडायला या आठवड्यातला बराच वेळ गेला. आधी सर्व्हरवर संशय, मग कॅशवर. खरे कारण असे: सीएलडीआरमध्ये पूर्वी मराठी हिंदी-गुजरातीच्या गटात होती, म्हणजे ० सुद्धा 'वन'मध्ये. नंतर नियम दुरुस्त होऊन मराठीच्या 'वन'मध्ये फक्त १ राहिला. अँड्रॉइड हे नियम फोनच्या प्रणालीतून घेते, अॅपमधून नाही. जुन्या फोनमध्ये जुना नियम गोठलेला आहे आणि तो आपण बदलू शकत नाही. त्यातच 'वन'ची ओळ अक्षरी 'एक पुस्तक' अशी, आकड्याशिवाय. दोन्ही जमले आणि नसलेले पुस्तक सभासदाच्या नावावर चढले. वाचनालयात ही बारीकसारीक गोष्ट नव्हे, लोक येऊन भांडतात.

उपाय तोच: शून्य कोडमध्ये वेगळे, 'वन'मध्ये आकडा. अँड्रॉइडच्या लिंटमध्ये (कोड तपासणाऱ्या साधनात) बिनआकड्याच्या 'वन'साठी इशारा आहे आणि न वापरल्या जाणाऱ्या 'झीरो'साठीही. दोन्ही इशाऱ्यांवर बिल्ड थांबेल असे केले.

१५ जुलै

अंक. वेबपानावर आयसीयू संदेशातले # हे चिन्ह मराठीसाठी देवनागरी अंक छापते, कारण सीएलडीआरमध्ये मराठीची मूळ अंकपद्धती देवनागरी आहे. हिंदीची नाही, तिथे इंग्रजी अंकच येतात. काउंटरवरचा पायथन मात्र सगळीकडे इंग्रजी अंक छापतो. म्हणजे पावतीवर '3 पुस्तके' आणि मोबाइलवर '३ पुस्तके'. सगळीकडे देवनागरी ठेवायचे ठरले.

पहिल्या बदलात आकडा आधीच देवनागरी करून तो मजकूर म्हणून संदेशाला दिला गेला. लगेच '१ पुस्तके' दिसू लागले. जावास्क्रिप्टला '३' हा मजकूर संख्या म्हणून वाचता येत नाही, 'संख्या नाही' असे उत्तर येते आणि ते थेट 'अदर' खोलीत जाते. पायथनला देवनागरी अंक वाचता येतात, म्हणून काउंटरवर हेच काम बिनबोभाट चालले आणि चूक फक्त वेबवर राहिली. रूप निवडायला खरी संख्या द्यायची आणि छापायला सजवलेला मजकूर द्यायचा, हे दोन वेगळे धागे ठेवा.

२२ जुलै

राखून ठेवलेल्या पुस्तकांची रांग. 'तुमचा क्रमांक २रा.' हे क्रमवाचक, त्याचे नियम संख्यावाचकांपेक्षा वेगळे, आणि गेटटेक्स्टमध्ये त्यांची सोयच नाही. आयसीयूमध्ये आहे.

आधीच्या कोडमध्ये इंग्रजीचा साचा होता: शेवटचा अंक १ असेल तर एक प्रत्यय, २ ला दुसरा, ३ ला तिसरा. इंग्रजीत २१ ला १ चाच प्रत्यय लागतो. तो साचा मराठीवर बसवल्यामुळे रांगेत एकविसाव्या माणसाला '२१ला' दिसत होते. मराठीत १ला, २रा, ३रा, ४था, आणि ५ पासून पुढे सगळे 'वा': ११वा, २१वा, १०१वा. सीएलडीआरमध्ये हे नीट नोंदलेले आहे. १ ची एक खोली, २ आणि ३ ची मिळून एक, कारण दोघांनाही 'रा', ४ ची एक आणि बाकी 'अदर'. हिंदीत ६ ची आणखी एक खोली निघते, 'छठा'मुळे. आपला 'सहावा' सरळ आहे.

लिंगाचा प्रश्न उरतो: २रा, २री, २रे. वाक्यात नेहमी 'क्रमांक' ठेवला, पुल्लिंग पक्के झाले.

२९ जुलै

'२ सभासदांकडे ३ पुस्तके थकली आहेत.' एका वाक्यात दोन आकडे. एनगेटटेक्स्ट एकाच आकड्यावर रूप ठरवते. आयसीयूमध्ये एकात एक घालता येते, पण मराठीला त्याच्या चार शाखा होतात आणि अरबीला छत्तीस. त्या येमेनी मुलाला छत्तीस ओळी भरायला सांगायची माझी तयारी नव्हती. वाक्य तोडून दोन ओळी केल्या: 'थकलेली पुस्तके: ३', 'सभासद: २'. दोन टिंबांपुढे नुसता आकडा आला की रूपाचा प्रश्नच उरत नाही. जिथे जिथे जमेल तिथे ही मांडणी सर्वांत भक्कम.

ग्रंथपाल बाईंनी पडदे वाचले आणि एक दुरुस्ती सुचवली. "एक सभासद 'थांबला आहे' काय लिहिता? आपले वाचक आहेत ते. 'थांबले आहेत' लिहा." त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. आदरार्थी बहुवचनाला कोणत्याही नियमपत्रकात खोली नाही. ते भाषांतर करणाऱ्यानेच 'वन'च्या ओळीत लिहायचे: '१ सभासद थांबले आहेत'. माणसांच्या सगळ्या नोंदी तशा केल्या, पुस्तकांच्या जशाच्या तशा. आता १७ जूनची स्क्रिप्ट या नोंदींना 'दोन्ही ओळी सारख्या' म्हणून पकडते, म्हणून त्यांच्यावर भाषांतरकारासाठी टीप लिहिली: हे मुद्दाम आहे, बदलू नये.

५ ऑगस्ट

तपासणी कायमची बसवली. प्रत्येक बदलानंतर प्रत्येक भाषेत प्रत्येक संख्यावाली स्ट्रिंग या आकड्यांवर छापली जाते: ०, १, २, ३, ५, १०, ११, १२, २१, २२, १००, १०१, १०२, १११. अरबीच्या सहा खोल्या, रशियनचे ११ आणि १११ चे अपवाद आणि आपला ० एवढ्यात येतो. छापलेला तक्ता त्या भाषेच्या माणसाला व्हॉट्सअॅपवर जातो. पीओ फाइल वाचायला लोक कंटाळतात, पण तयार वाक्यांचा तक्ता दहा मिनिटांत वाचून होतो आणि चुका पटकन सांगितल्या जातात.

एकूण खर्च मानधन आणि झेरॉक्स मिळून दोन हजारांच्या आत. जून-जुलैच्या बहुतेक संध्याकाळी यात गेल्या.

बाकी राहिलेले: पुस्तकांना वाचकांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी, ४.५ वगैरे. मराठीत अपूर्णांक 'अदर'मध्ये जातात, '४.५ तारे' बरोबर येते. रशियनमध्ये अपूर्णांकांसाठी वेबपानावर चौथी ओळ लागते आणि ती रिकामी होती. मॅडमना विचारले, त्यांनी लगेच कळवले: अपूर्णांकामागे षष्ठीचे एकवचन, म्हणजे १.५ असले तरी 'क्नीगी'च्याच धर्तीवर, ५ चे रूप नाही. ती ओळ आज भरली. काउंटरवर सरासरी दिसत नाही, त्यामुळे पीओ फाइलीला हात लावलेला नाही.